सातव्या मजल्यावरची वाकडी रेघ

माझ्या धाकट्या दिराला घरात सगळे भिंगरी म्हणतात. नाव मीच पाडलं. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून हा माणूस एका जागी बूड टेकवून बसलेला मी पाहिला नाही. चहाचा कप घेऊन खिडकीशी जाईल, तिथून दाराशी, कप कुठेतरी ठेवून स्वयंपाकघरात येईल आणि वर मलाच विचारेल, "वहिनी, माझा चहा कुठाय?"

कामावर मात्र भावजी वेगळेच. ते आणि माझा नवरा, दोघे भाऊ, दोरांवर लटकणाऱ्या लोखंडी झुल्यात उभे राहून इमारतींच्या फटी बुजवतात. मोठ्या इमारतीच्या दोन भागांत मुद्दाम फट सोडलेली असते. उन्हात इमारत फुगते, थंडीत आकसते, तिला तेवढी मोकळीक लागतेच. पण फट उघडी ठेवली तर पाणी थेट लोकांच्या भिंतीत. मग आत फोमची दोरी दाबायची, दोन्ही काठांना चिकटपट्टी लावायची, वरून गनने रबरासारखा मसाला भरायचा आणि तो घट्ट व्हायच्या आत पत्तीने एका दमात गुळगुळीत ओढायचा. गन माझ्या नवऱ्याची, पत्ती भावजींची. मी शिवणकाम करते, सरळ-वाकडं मला लांबूनही कळतं. भावजींच्या रेघेला मी कधी नाव ठेवू शकले नाही, आणि नावं ठेवण्यात मी काही कमी नाही.

परवा दोघे डबा विसरून गेले. तो द्यायला मी गेले तर झुला इमारतीच्या मागच्या बाजूला होता. मान वर करून सहज बघितलं. खालपासून रेघ सरळ चढत गेलेली, आणि सातव्या मजल्यावर एकदम वाकडी. मसाला फट सोडून बाजूच्या भिंतीवर फासलेला. पुढे पुन्हा सरळ.

भावजींचा हात असा घसरत नाही. शिवाय हल्ली त्यांची चुळबुळ फारच वाढली होती. भरल्या ताटावरून उठायचे, दादा झोपला का म्हणून दोनदोनदा विचारायचे. मी दोन्हींचा मेळ घातला. यांना चक्कर येत असणार आणि हे लपवत असणार. आणि त्याच झुल्यात माझा नवरा! उद्यापासून तर दोघे सगळ्यात वरच्या मजल्यांवर जाणार होते.

संध्याकाळी नवरा हातपाय धुवायला गेला तसं मी भावजींना गाठलं.

"चक्कर येते का तुम्हाला?"

त्यांनी आधी न्हाणीघराच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "हो."

"आणि तरी वर चढता?"

"दादाला नका सांगू."

माझं डोकंच फिरलं. तुम्हाला जिवाची पर्वा नसेल, मला माझ्या नवऱ्याच्या जिवाची आहे, त्याला बरोबर घेऊन खाली येणार का, सख्ख्या भावाशी असं वागवतं कसं तुम्हाला, असं तोंडाला येईल ते बोलले. ते टॉवेल पिळत उभे राहिले. टॉवेल कोरडा होता.

जेवताना मी विषय काढलाच. "अहो, तुमच्या भावाला चक्कर येते. उद्या त्यांना वर नेऊ नका."

नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला. "त्याला नाही येत," तो म्हणाला. "मला येते."

मी भावजींकडे बघितलं.

"रेघ माझीच आहे, वहिनी," ते म्हणाले. "सातव्यावर याला भोवळ आली आणि हा कठड्यावरून पुढे झुकला. एका हाताने मी याला कमरेला धरलं. मसाला घट्ट व्हायला लागला होता, म्हणून दुसऱ्या हाताने पत्ती ओढली. तेव्हापासून मी असंच करतोय. एक डोळा याच्यावर, एक भिंतीवर. याने शपथ घातलीय, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

"मग मघाशी माझी एवढी बोलणी का खाल्लीत?"

"मला वाटलं, तुम्ही मला वर जाऊ देणार नाही. मी गेलो नाही तर दादा एकटा थोडाच चढणार होता?"

ज्या तोंडाने त्यांना फाडून खाल्लं, त्याच तोंडाने माफी मागायची माझी हिंमत होईना. लाज वाटली, आणि नवऱ्याचा असा राग आला की ताट ओढून घ्यावंसं वाटलं.

नवऱ्याने ताट स्वतःच बाजूला सारलं. त्याच्या बोटांच्या चिरांत काळा मसाला रुतलेला होता, तो नखाने काढायला लागला. मग मान वर न करता त्याने भावाला विचारलं,

"उद्या माझ्या जागी गन कोण धरणार?"