खाडीतल्या कुर्लीची गोष्ट

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेसिंगस्टोकच्या ऑफिसात, मीटिंगमध्ये, कुणाच्या तरी स्लाइड्सना मान डोलावत होते. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमधली नर्स फार हळुवार बोलली. मी तिला "थँक यू" म्हणाले आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले... का, ते मला अजून कळलेलं नाही. त्याला आता सात आठवडे झाले.

आई फार्मसिस्ट होती. मी नऊ वर्षांची असताना आम्ही मालवणहून इथे इंग्लंडला आलो आणि पुढची तीस वर्षं तिनं लोकांची औषधं सांभाळली. रिटायर झाल्यावर इतरांच्या आया बागकाम करतात, क्रूझवर जातात. आमच्या बाईसाहेब स्कॉटलंडच्या एका बेटावर आठवडाभर फिरायला गेल्या आणि तिथल्या जुन्या गेलिक भाषेच्या नादी लागल्या. त्याचं असं झालं की, ज्या घरी ती उतरली होती तिथली मालकीण मोरॅग शेगडीतले निखारे राखेनं झाकताना काहीतरी पुटपुटली. उद्यापर्यंत विस्तव राखावा म्हणून करायची ती जुनी प्रार्थना होती. "माझी आजी अगदी अशीच राख ओढायची गं!" आईनं मला फोनवर ओरडून सांगितलं. मी म्हणाले, "व्हेरी नाइस आई, मी ट्रेनमध्ये आहे, नंतर बोलू."

मग संध्याकाळचे क्लास सुरू झाले. साठी उलटलेली बाई बसमध्ये गेलिक क्रियापदं पाठ करायची. दर वर्षी दोनदा, ओबान बंदरातून फेरीबोटीनं पाच तास उलट्या काढत ती बेटावर पोचायची आणि म्हाताऱ्यांच्या किचनमध्ये ठाण मांडायची. मेंढ्यांची गाणी, लोकरीचं कापड कुटतानाची गाणी, तळ्यातल्या घोड्याच्या गोष्टी, कुठल्या दिवशी पेरू नये, बोटीवर कुठलं नाव घेऊ नये, सगळं तिच्या छोट्या रेकॉर्डरवर. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून त्याला माझ्या मुलीचा जुना मोजा घातलेला. मी थट्टा करायचे, "आपल्या मालवणीचं कोण बघणार?" ती नुसती हसायची. आता वाटतं, ते विचारायचा मला काय अधिकार होता?

तिकडची एक रीत आहे. पहिली गोष्ट घरच्यांनी सांगायची, मग पाहुण्यानं. पाहुणा नुसता ऐकून उठला तर ते बरं दिसत नाही. आईला हे एकदम पटलं. "आपण कुणाकडे हात हलवत जातो का?" त्यामुळे प्रत्येक किचनमध्ये तीही सांगायची. तिच्या आजीची, खाडीतल्या कुर्लीची गोष्ट. कुर्ली म्हणजे खेकडा, तेव्हा बेटावरच्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. लहानपणी मी ती शंभरदा ऐकली असेन. इंग्रजी शाळेत रुळल्यावर "मम, प्लीज, नॉट अगेन" म्हणून बंद पाडली, आणि मग विसरून गेले. खेकडा सासुरवाशिणीचा निरोप पोचवायला तिच्या माहेरी निघतो, एवढंच आठवायचं. तो पोचतो का?

गेल्या वर्षी मी तिला म्हणाले, "सांग ना, फोनवर रेकॉर्ड करते." ती खूश झाली, पदर असल्यासारखा कार्डिगन सारखा केला आणि सुरुवात केली. तीन मिनिटांत माझा कामाचा कॉल आला. "एक मिनिट हं, आई." ते एक मिनिट काही संपलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी तिच्या सगळ्या फाइल्स ऐकायला बसले. एका तरी किचनमध्ये ती गोष्ट सापडेल, अशी खात्री होती. प्रत्येक ठिकाणी तेच. म्हातारा किंवा म्हातारी गोष्ट संपवते, आई मनापासून दाद देते, म्हणते, "राइट, माय टर्न," आणि... क्लिक. दहा वर्षं तिनं स्वतःचा नंबर आला की रेकॉर्डर बंद केला होता. का, ते मला पक्कं माहीत आहे. आपलं काय रेकॉर्ड करायचं, आपण घरचेच! मला तिचा असा राग आला, की किचनमध्ये एकटी असून मी मोठ्यानं ओरडले, "काय गं हे, आई!"

मागच्या शनिवारी मी बेटावर गेले. मोरॅगला फाइल्सची कॉपी द्यायची, हे निमित्त. दुपारची वेळ होती, ओट्यावर मेंढीच्या कोकराची दुधाची बाटली. तिनं चहा ओतला आणि म्हणाली, "आज तुझ्या आईची सांगते." मी रेकॉर्डर चालू केला.

तिनं ती माझ्यासाठी इंग्रजीत सांगितली. खाडीची सामुद्रधुनी झाली होती, भाताच्या जागी ओट्स आले होते, पण सासू तशीच खाष्ट होती. कुर्ली निरोप घेऊन भरतीच्या पाण्यात शिरली, आणि मोरॅग थांबली. माझ्याकडे वाकून, आवाज खाली आणून, चक्क मराठीत म्हणाली, "झोपलीस का गं?"

तो गोष्टीचाच भाग आहे, असं ती इतकी वर्षं समजत होती. आलेल्या प्रत्येकाला याच जागी हे विचारत होती. आई मला कुशीत घेऊन सांगायची तेव्हा याच जागी विचारायची... ते तिनं गोष्टीतून कधी काढलंच नव्हतं.

"नाही गं," मी म्हणाले. "जागी आहे. पुढे सांग."