ब जीवनसत्त्वाचे मोदक

गेल्या वर्षी आमच्या गणपतीला मोदक मिळाले नाहीत, आणि त्याचं कारण माझी जीभ.

झालं असं, की श्रावणात माझं तोंड आलं. डॉक्टरांनी ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि बोलता बोलता सांगितलं, की तांदूळ पॉलिश केला की हे जीवनसत्त्व बरंचसं कोंड्याबरोबर जातं. दुसरा कोणी गोळ्या घेऊन गप्प बसला असता. पण मी पडलो नागावचा निवृत्त विज्ञान-शिक्षक! घरात यापुढे पॉलिशचा दाणा शिरू द्यायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

मोदकांची पिठी आणायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. तिथेच माझ्या बायकोला, सुनंदाला, संशय यायला हवा होता. पण ती बिचारी खूश झाली. पेणहून माझी थोरली बहीण दर चतुर्थीला येते आणि सुनंदाच्या मोदकाच्या कळ्या मोजते. (बावीस वर्षं. एकदाही ताईचं समाधान नाही.) या खेपेला एकवीस कळ्या दाखवायच्याच म्हणून सुनंदा महिनाभर पोळ्यांच्या कणकेवर सराव करत होती.

भाताचं पोतं घेऊन गिरणीत गेलो. गिरणीवाला म्हणाला, "मास्तर, पालिश न्हाय मारायचं? गणपतीचा हाय ना तांदूळ?"

मी त्याला कोंड्याचं महत्त्व दहा मिनिटं ऐकवलं. धुतल्यावर उरलंसुरलं जीवनसत्त्वही पाण्यात जाईल म्हणून तांदूळ न धुताच दळला आणि डबा बंद करून फडताळात ठेवला.

चतुर्थीला सकाळी सुनंदाने डबा उघडला. पिठी चहाच्या रंगाची! तिने तरी उकड काढली. पारी वळायला घेतली की भेगा. पहिली चाळण उतरवली तर एकूणएक मोदक फुटून सारण बाहेर! शेजारी विचारलं, तर सगळ्यांची पिठी संपलेली. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि ताई थेट स्वयंपाकघरात आली. सुनंदाचे डोळे भरले. मला तिच्याकडे बघवेना.

ताईने एक तुकडा तोंडात टाकला. "पिठी कोणी आणली?"

"मी," मी म्हणालो. "कोंड्यात ब जीवनसत्त्व..."

"तू बाहेर बस," ताई म्हणाली. "सुनंदा, नारळाचं दूध काढ. तुझ्या हातचे मोदक कधी फुटलेत का?"

अर्ध्या तासात दोघींनी फुटक्या मोदकांची खीर केली. आरतीला आलेल्या प्रत्येकाने दुसरी वाटी मागितली, आणि प्रत्येकाला ताईने खिरीमागची हकिगत रंगवून सांगितली. सुनंदा तर हसून हसून पदराने डोळे पुसत होती. बावीस वर्षांत दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि तेही माझ्या अकलेबद्दल!