हमखास रंगणारा तुकडा

माझी ताई पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रोटीन असतं. पेशंटच्या शरीरातून काढलेल्या तुकड्यात ते शिल्लक आहे की नाही, हे ती अँटीबॉडी टाकून बघते. असेल तिथे पेशींच्या कडा तपकिरी होतात. पण पेशंटच्या तुकड्याशेजारी ती काचेवर एक ओळखीचा, हमखास रंगणारा तुकडाही ठेवते. त्याला म्हणायचं कंट्रोल. तोच रंगला नाही, तर चूक अँटीबॉडीची नाहीतर आपली. मग पेशंटबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

हाच खाक्या तिने घरी आणला. आईला विसरायला व्हायला लागलं, तेव्हापासून औषध घेतलंस का, जेवलीस का, हे विचारण्याआधी ती विचारायची, "आई, आपल्या घरात सगळ्यात जोरात कोण घोरायचं?"

"तुझे बाबा! भिंती हलायच्या," म्हणत आई खुदकन हसायची. मगच ताई पुढची उत्तरं खरी मानायची. मी चिडायचे. आई म्हणजे काय लॅबमधली काच आहे?

काल ताईने तोच प्रश्न विचारला. आई तिचा हात धरून अदबीने म्हणाली, "तुम्ही कोण?"

मला रडू आवरेना. "ताई, संपलं गं सगळं."

"गप्प बस," ताई खेकसली. आईने धरलेला हात तिने तसाच राहू दिला. "कंट्रोल रंगला नाही. आजचा रिझल्ट धरायचा नाही. उद्या परत करू."