चौकशीसाठी मागवलेली फाइल

पोलिस ठाण्यात आलेली कितीतरी माणसं मी विसरलो, पण घाटकोपरच्या त्या मुलीचे वडील अजून डोळ्यांसमोर येतात. ठाणे अंमलदारासमोर ते फोन उलटा धरून बसले होते. लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि तिच्या मानसोपचाराची फाइल सासरकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होती.

फिर्याद नोंदवून आम्ही तिचे उपचार चालू होते त्या अंधेरीतल्या इस्पितळात गेलो. फाइलींच्या सर्व्हरला पासवर्ड होता आणि तो फक्त इस्पितळाच्या आतूनच उघडायचा. फाइल कुठून उघडली त्याच्या नोंदींतही प्रत्येक वेळी इस्पितळाच्याच नेटवर्कचा पत्ता दिसत होता. व्यवस्थापनाने लगेच रेकॉर्ड विभागातल्या एका बाईंकडे बोट दाखवलं. मोठ्या संस्थांना चोर नेहमी कमी पगाराचाच सापडतो! बाई खूप रडल्या, पण तीन वेळा विचारूनही जबाब बदलला नाही. खोटं बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो. त्या घालत नव्हत्या.

मग मी हवालदाराला ग्रुपवर आलेली फाइलीची लिंक त्याच्या मोबाइलवर उघडायला सांगितलं. पासवर्ड न विचारताच फाइल समोर आली. सायबर शाखेने उलगडा केला. घरून काम करणाऱ्यांसाठी इस्पितळाने एक मधला सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी, ठेवला होता. कुणीतरी फाइलीचा वेब पत्ता बदलून त्या प्रॉक्सीमार्फत वळवला होता आणि विभागाचा सामाईक पासवर्ड पत्त्यातच घातला होता. त्यामुळे लिंक उघडणारा प्रत्येक जण सर्व्हरला आतलाच वाटायचा.

ती लिंक ग्रुपवर टाकली होती नवऱ्या मुलाच्या काकूने. तिला दरडावावं लागलंच नाही.

"लग्नाआधी चौकशी करायला नको का, साहेब? माझ्या बहिणीचा मुलगा तिकडेच कंप्युटर बघतो ना. लगेच दिली त्याने लिंक."

भाच्याला समोर बसवलं. आधी "मला काय माहीत" झालं. मावशीचा जबाब वाचून दाखवल्यावर त्याची मान खाली गेली.

"मावशी मागेच लागली, सर. मी फाइल कॉपी नाही केली, फक्त लिंक दिली ना."

आपण काही चोरलं नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

त्याच्या अटकेची बातमी द्यायला मी मुलीच्या घरी गेलो. तिने गोळ्याही सोडल्या होत्या आणि डॉक्टरही. आई म्हणाली, "तुम्ही तरी सांगा ना तिला, साहेब. तुमचं ऐकेल."

मी समजावलं. मुलगी म्हणाली, "काका, डॉक्टरबाईंना सांगितलेलं सगळ्या वऱ्हाडाने वाचलं. आता परत कुणाला सांगू?"

चोरीचा माल परत मिळवून देऊन मी नोकरीत पुष्कळांचे आशीर्वाद घेतले. इथे मुद्देमाल वाचणाऱ्यांच्या डोक्यात होता, तो जप्त कसा करणार? फार वाईट वाटलं. "होईल सगळं ठीक," एवढं बोलून मी उठलो. ते तिला पटलं नाही, आणि मलाही.