हसऱ्या चेहऱ्यावर बोट

खांदेश्वर स्टेशनबाहेरच्या बाकावर, सकाळी फिरून आले की मी टेकायचे. कंपनीच्या बसची वाट बघत एक मुलगी रोज शेजारी असायची. नाव काही मी विचारलं नाही. चप्पल काढून, पाय चपलेवरच ठेवून ती मोबाइल उघडायची. त्यात पाच चेहरे यायचे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. "आज कसं वाटतंय?" असं कंपनी रोज विचारते म्हणे. ही न बघताच हसऱ्यावर बोट ठेवायची.

"अगं, डोळे बघ तुझे! एकदा खरं दाब की."

"दाबलं होतं ना, आजी. लगेच मीटिंग लावली, टेन्शन कसं घ्यायचं नाही त्याची. तासभर! राहिलेलं काम मग घरी नेलं."

"मग मला सांग. मी काही मीटिंग लावत नाही."

"थकलेय हो," म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर मान टाकून झोपलीच. तेवढ्यात बस आली. ती झोप मोडणं माझ्या अगदी जिवावर आलं. जाऊ द्यावी का बस? पण नोकरी तिची, मी कोण ठरवणार? हलवलं बाई तिला.

"सॉरी आजी," म्हणत ती पळाली. सॉरी तिनं कशाला म्हणायचं, सांगा!