न तपासलेलं खोकं

साइटवर सगळे त्यांना ताई म्हणत. बांधकामाचे नटबोल्ट त्याच आणायच्या. खोक्यातला एखादा बोल्ट काढून त्यावर बोटांनी नट फिरवायच्या. जरा अडखळला, की अख्खं खोकं परत. फक्त नाट्यगृहाच्या गॅलरीचे बोल्ट तेवढे तपासायचे राहिले, कारण दुकान सख्ख्या भावाचं होतं.

"ताई, आता माझ्यावरही संशय?" तो हसून म्हणाला होता.

पहिल्याच खेळाला गॅलरी खचाखच भरली. खाली बसलेल्या ताईंच्या पायाशी टणकन काहीतरी पडलं. बोल्टचं तुटलेलं डोकं! शेजारी भावाचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय दिलंस रे मला?"

तो उठला आणि दाराकडे निघाला. ताई मात्र गॅलरीच्या जिन्याकडे धावल्या.

"उतरा! सगळे खाली उतरा!"

टाळ्यांच्या कडकडाटात कुणालाच ऐकू गेलं नाही. त्या चढतच राहिल्या.