शेवग्याची फांदी आणि वाऱ्याचा वेग

वादळाची पाहणी एका दिवसात उरकते. तिचे किस्से मात्र जीपमधून उतरायलाच तयार नसतात.

वावटळीचा वेग मोजायला ऐन वेळी तिथं कुणी नसतं. म्हणून काय मोडलं, ते किती पक्कं होतं, हे बघून मागाहून अंदाज बांधायचा. हे शास्त्र मी परदेशात शिकले आणि जालन्यातच वापरायचं या जिद्दीनं परत आले.

*

वडीगोद्रीच्या पुढं एका गावात मोठी वावटळ झाली. मी सरपंचांना फोनवर बजावलं, "कशालाही हात लावू नका."

पोचलो तर गल्ल्या झाडलेल्या, उडालेले पत्रे एकावर एक रचलेले, पडलेली बाभूळ तोडून सरपण झालेली.

"सरपंच, हे काय?"

"तुमी येणार म्हणून केलं. पाहुण्याला पसारा दाखवावा का?"

*

पारावरच्या आजोबांना विचारलं, "वारा किती होता?"

"बराबर सांगतो. पटका गेला, मी न्हाई गेलो. मंग मधला लिहा."

*

त्याच गावातल्या सुरेखाच्या घराचे पत्रे उडाले, एक भिंत पडली. घर बांधलं होतं तिच्या वडिलांनी, भगवान मिस्त्रींनी. सासू सखूबाई पत्रे उडाल्यापासून ऐकवत होत्या, "बापानं बांधलं, वाऱ्यानं खोललं."

सुरेखानं मला बाजूला घेतलं. "म्याडम, वारा लई मोठा व्हता म्हणून सांगा. न्हाईतर माझ्या बापाला कुणी काम देणार न्हाई."

"शास्त्र कुणाची बाजू घेत नसतं," मी म्हणाले.

आमचे ड्रायव्हर गणपतमामा जीपमध्ये बसताना म्हणाले, "तिनं शास्त्राला न्हाई, तुमाला विचारलं व्हतं."

*

दुपारी त्याच घरी परत गेलो. पत्रे भिंतीला बांधलेलेच नव्हते, नुसते दगड ठेवले होते. दारातल्या शेवग्याची, इतक्या ठिसूळ झाडाची, एक फांदीही मोडली नव्हती; म्हणजे वारा इथं बेताचाच होता. अंगणात सगळं गाव जमलेलं.

मी तोंड उघडायच्या आत भगवान मिस्त्री उठले. "म्याडम, वाऱ्याला बोल नका लावू. हूक टाकायचे माझ्याकडूनच राह्यले."

सुरेखानं मान खाली घातली.

सखूबाईंनी पदर खोचला. "व्याही, बसा खाली. तुमी इथं व्हते का? मी व्हते." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "लिहा म्याडम. असा वारा जन्मात पाह्यला न्हाई. आमची म्हैस उचलून नेली."

त्यांच्या मागं गोठ्यात म्हैस रवंथ करत होती.

मी म्हशीकडं बघितलं. सखूबाईंनीही बघितलं.

"आणून बांधली परत," त्या म्हणाल्या. "सुरेखा, तुझ्या बापाला आन् म्याडमला चहा ठेव."